आर्ट्‌स घेतलं, तर मॅनेजमेंट बंद?



दहावीचा निकाल लागला की पहिला दिवस पेढ्यांचा आणि दुसऱ्या दिवसापासून प्रश्नांचा! शेजारच्या काकू गॅलरीतून विचारतात, मामा फोनवर विचारतात, लोकलमधले मित्र बाबांना विचारतात, "काय मग, सायन्स की कॉमर्स?" पाहिलंत ना? प्रश्नातच शाखा दोन! तिसरीचं नाव कुणी काढत नाही. आणि तुम्हीच ‘आर्ट्‌स’ म्हणालात, तर समोरचा माणूस जरा घुटमळतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "का बरं? मार्क कमी पडले का?"

त्यातून तुम्ही पुढे म्हणालात, "आर्ट्‌स करून मी एमबीए करणार आहे," मग तर विचारूच नका. "अगं, मॅनेजमेंट म्हणजे कॉमर्सवाल्यांचं काम. आर्ट्‌सवाल्यांना तिथे कोण घेतं?"

घेतात. अगदी रीतसर घेतात. मात्र त्यासाठी अकरावीच्या फॉर्मवर विषय लिहितानाच थोडा विचार करावा लागतो. तो कसा करायचा, ते आज पाहू या.

‘पात्रता’ नावाचा परिच्छेद

कोणत्याही अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तिकेत ‘पात्रता’ नावाचा एक छोटासा परिच्छेद असतो. आपण काय करतो? इमारतीचे फोटो पाहतो, फी पाहतो, कॅन्टीन कसं आहे ते मित्राला विचारतो. आणि हा परिच्छेद मात्र शेवटच्या दिवशी वाचतो. तो सगळ्यांत आधी वाचायचा असतो, बरं का! कारण तुम्हाला आत घेणार की नाही, हे त्यातच लिहिलेलं असतं.

या परिच्छेदात साधारण तीन गोष्टी असतात. पहिली, तुमचं शिक्षण किती झालेलं असावं. दुसरी, त्यात किमान किती टक्के गुण असावेत. आणि तिसरी, एखादा ठरावीक विषय घेतलेला असावा का.

आता एमबीएचं पाहा. देशातल्या ‘आयआयएम’ म्हणजे भारतीय प्रबंध संस्थांच्या प्रवेशासाठी ‘कॅट’ ही परीक्षा असते. तिला बसायला पदवी लागते, तीही कोणत्याही शाखेची. किमान ५० टक्के गुण हवेत; अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ४५ टक्के. आपल्या राज्यातल्या एमबीए आणि एमएमएस प्रवेशाची सीईटी असते. तिथेही कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी चालते. ५० टक्क्यांची अट आहे, राज्यातल्या राखीव गटांना ४५ टक्के.

म्हणजे बघा, मराठी साहित्य घेऊन बीए झालेली मुलगी, इतिहास घेऊन बीए झालेला मुलगा आणि इंजिनिअर झालेला त्यांचा शेजारी, तिघं एकाच परीक्षेला एकाच रांगेत उभे राहू शकतात. शाखेची आडकाठी नाही.

पण टक्क्यांची आहे! ‘बीए काय, पास झालं की झालं’ असं म्हणून जो तीन वर्षं काढतो आणि ४६ टक्के घेऊन बाहेर पडतो, त्या खुल्या गटातल्या मुलाला या दारातून आत जाता येत नाही. मग त्याला प्रवेश परीक्षेचं गणित कितीही येवो. शिवाय बऱ्याच आयआयएममध्ये मुलाखतीची यादी लावताना दहावीचे आणि बारावीचे गुणही मोजतात. म्हणून आर्ट्‌स ‘सोपं’ समजून घेऊ नका. ते आवडतं म्हणून घ्या आणि मन लावून करा.

फार लांब जायला नको

आपण उपनगरांत राहणारी मंडळी या बाबतीत नशीबवान आहोत. अंधेरीला भवन्सच्या आवारात एस. पी. जैन संस्था आहे. विलेपार्ल्याला एनएमआयएमएस आहे. घाटकोपरच्या पुढच्याच स्टेशनाला, विद्याविहारला उतरलात की सोमय्या संस्थेचं मोठं आवार. पवईला विहार तलावाच्या बाजूला १९६३ साली ‘नीटी’ नावाची संस्था सुरू झाली होती. तिचे जुने अभ्यासक्रम मुख्यतः इंजिनिअरांसाठी असत. २०२३ मध्ये तिचंच ‘आयआयएम मुंबई’ झालं. आणि चर्चगेटला मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था आहे. ती १९६५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने सुरू झाली. बोरिवली किंवा मुलुंडहून सकाळची लोकल पकडून जाता येईल, अशी ही ठिकाणं.

प्रत्येक संस्थेची परीक्षा वेगळी. पवईच्या संस्थेला कॅट, बजाजला राज्याची सीईटी, पार्ल्याच्या एनएमआयएमएसला एनमॅट. म्हणून "एमबीएला काय लागतं?" हा प्रश्न अर्धवट आहे. "अमुक संस्थेच्या एमबीएला काय लागतं?" असा तो विचारायला हवा.

गणिताचं काय करायचं?

आता खरा अवघड प्रश्न. आर्ट्‌स घ्यायचं ठरलं, म्हणजे गणिताला रामराम ठोकायचा का?

मी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीतून गेलेली माझी मुलं दहावीच्या निकालानंतर पेढे घेऊन वर्गात डोकावतात. त्यांतली एक हुशार मुलगी मला म्हणाली, "बाई, आर्ट्‌स घेतलं. सुटले एकदाची गणितातून!" मी विचारलं, "पुढे काय करायचं ठरवलंयस?" ती म्हणाली, "बिझनेस." मी म्हटलं, "मग गणितातून सुटून कसं चालेल गं? दुकानाचा गल्ला कोण मोजणार?" ती हसली. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

कारण पात्रतेच्या परिच्छेदात न लिहिलेली एक चौथी अटही असते. ती प्रवेश परीक्षेत लपलेली असते. राज्याच्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न असतात. त्यांपैकी ५० गणिताचे, ५० इंग्रजीचे, ७५ तर्काचे आणि २५ आकृत्यांच्या तर्काचे. म्हणजे निव्वळ गणित पाव हिस्सा. कॅटमध्ये ४०-४० मिनिटांचे तीन विभाग असतात. एक वाचन आणि भाषेचा, दुसरा माहितीवरून निष्कर्ष काढण्याचा आणि तिसरा गणिताचा. यातलं बरंचसं गणित शाळेतलंच असतं: शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग, नफा-तोटा, थोडं बीजगणित आणि भूमिती. तुमच्या दहावीच्या पुस्तकांची रद्दी करू नका, असं मी म्हणते ते यासाठीच!

मात्र काही अभ्यासक्रमांना इतक्यावर भागत नाही. इंदूरच्या आयआयएमने २०११ मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम सुरू केला. कोणत्याही शाखेचा विद्यार्थी त्याला अर्ज करू शकतो. पण त्याच्या प्रवेश परीक्षेत तीनपैकी दोन विभाग गणिताचे असतात, आणि त्यांत लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, श्रेढी असे अकरावी-बारावीचे भागही येतात. दिल्ली विद्यापीठाच्या बीएमएससाठी तर सीयूईटी परीक्षेत गणित हा विषय द्यावाच लागतो. तिथलंच अर्थशास्त्र ऑनर्स घ्यायचं असेल तरी तेच. इथे दारावर ‘आर्ट्‌सवाल्यांना बंदी’ अशी पाटी नाही. पण गणित सोडलेल्यांसाठी दार आपोआप बंद होतं, आणि ते बंद झाल्याचं दोन वर्षांनी कळतं.

यावर उपाय आहे. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ कधी पाहिलंय? त्यावर लिहिलेलं असतं, ‘कला व विज्ञान’. म्हणजे आर्ट्‌सच्या मुलाला गणित घेण्याची सोय मंडळाने ठेवलेली आहे! अडचण एवढीच, की सगळ्या कॉलेजांत आर्ट्‌सबरोबर गणित शिकवत नाहीत. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरताना आपण कॉलेजांची नावं पटापट टाकत जातो. टाकण्याआधी त्या कॉलेजात आर्ट्‌सला कोणते विषय मिळतात, हे विचारून घ्या. फोन करा, नाहीतर सरळ कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा. लाजायचं काय त्यात?

आणि गणित मिळालं नाही, किंवा खरंच झेपत नसेल, तर हिरमुसून बसू नका. पदवीनंतरच्या एमबीएचा रस्ता त्याने बंद होत नाही. फक्त शाळेतलं गणित गंजू द्यायचं नाही. रोज पाच उदाहरणं सोडवायची. बस्स!

विषय निवडताना

आता आर्ट्‌सच्या विषयांकडे वळू या. इंग्रजी तर आहेच. बाकीचे विषय कॉलेजच्या यादीतून निवडायचे असतात. मुलं कशी निवडतात? "मैत्रिणीने घेतलाय", "नोट्‌स तयार मिळतात", "त्या सरांचं लेक्चर दुपारी असतं". तुम्ही असं करू नका. प्रत्येक विषय तुम्हाला काय देणार, ते पाहा.

अर्थशास्त्र : मॅनेजमेंटकडे जायचं असेल, तर हा विषय शक्यतो सोडू नका. २०१९ साली निघालेल्या अकरावीच्या पुस्तकात विभाजन मूल्ये आहेत, महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेवर धडा आहे. २०२० च्या बारावीच्या पुस्तकात मागणी, पुरवठा, मागणीची लवचीकता, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न हे सारं आहे. स्टेशनाबाहेरचा वडापाववाला भाव दोन रुपयांनी वाढवायला का कचरतो आणि औषधाच्या दुकानात भाव वाढला तरी गर्दी का कमी होत नाही, याचं उत्तर ‘लवचीकता’ या एका शब्दात आहे.

तर्कशास्त्र : या विषयाकडे फार थोडी मुलं वळतात. पण आकडे पाहा: सीईटीतल्या २०० प्रश्नांपैकी १०० प्रश्न तर्काचे! तर्कशास्त्रात तुम्ही विधान म्हणजे काय, एका विधानावरून दुसरं निघतं की नाही, सत्यता कोष्टक कसं मांडायचं, हे शिकता. परीक्षेतले प्रश्न अगदी तसेच नसतात, हे खरं. पण ‘सगळे आंबे गोड असतात, हे फळ गोड आहे, म्हणून हा आंबा आहे’ यातली चूक ज्याला झटकन दिसते, त्याची अर्धी तयारी झालेली असते.

मानसशास्त्र : माणसं ऐकत का नाहीत, कशाने हुरूप येतो, जाहिरात पाहून आपण वस्तू का घेतो, असे प्रश्न इथे येतात. एक गंमत सांगते. बीएच्या मानसशास्त्रात मुलांना आकडेशास्त्रही करावं लागतं. चाचण्यांचे गुण मोजायचे तर सरासरी आणि विचलन यायलाच हवं ना! म्हणजे गणिताला घाबरून जो मानसशास्त्राकडे पळतो, त्याला गणित तिथेही भेटतंच.

भूगोल : बारावीच्या भूगोलात लोकसंख्या आहे, वस्त्या आहेत, शेतीपासून कारखाने आणि सेवांपर्यंतचे व्यवसाय आहेत. माल कुठे पिकतो, कुठे जातो, कोणत्या वाटेने जातो, हा निम्मा व्यापारच झाला. आपल्या डबेवाल्यांचं काम म्हणजे चालताबोलता भूगोल! १८९० च्या सुमारास सुरू झालेली ही सेवा. डब्यावरच्या खुणांवरून तो कोणत्या स्टेशनाला उतरवायचा, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर न्यायचा, हे कळतं. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने २०१० मध्ये या पद्धतीचा अभ्यास करून तो आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला.

इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र : यांतून सरकार कसं चालतं, कायदे का होतात, समाज बदलतो कसा, हे कळतं. उद्या तुम्ही कारखाना काढलात, तर परवाना, कामगार संघटना, नगरपालिका, गावकरी या सगळ्यांशी गाठ पडणारच आहे.

भाषा : मराठी चांगलं लिहिणारा मुलगा आपलं म्हणणं मुद्देसूद मांडायला शिकतो. कॅटमधल्या वाचनाच्या विभागात अनोळखी विषयावरचे लांबलचक इंग्रजी उतारे येतात. त्यांना घाबरायचं नसेल, तर आतापासून रोज थोडं इंग्रजी वाचायला लागा. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांची गाडी गणितापेक्षा इथेच जास्त अडते. पण रोजच्या वाचनाने ती सुटते, हेही तितकंच खरं.

या यादीतले सगळे विषय एकदम मिळणार नाहीत. मी तुमच्या जागी असते, तर अर्थशास्त्र पक्कं धरलं असतं. त्याच्या जोडीला गणित किंवा तर्कशास्त्र यांतलं जे मिळेल ते घेतलं असतं. आणि उरलेले विषय मनापासून आवडतात म्हणून घेतले असते. आवडीचा विषय हवाच! त्यात गुण चांगले पडतात आणि मुलाखतीत त्याच विषयावर प्रश्न येतात. इतिहास घेतलेल्या मुलाला इतिहास विचारला आणि तो गप्प बसला, तर कसं दिसेल?

बारावीनंतर दोन वाटा

पहिली वाट : बारावीनंतर लगेच मॅनेजमेंटची पदवी. मुंबई विद्यापीठाचा बीएमएस अभ्यासक्रम तुम्ही ऐकलाच असेल. त्याला आर्ट्‌स, कॉमर्स, सायन्स तिन्ही शाखांची मुलं जातात. पूर्वी तर विद्यापीठाने शाखांप्रमाणे जागाच वाटून दिल्या होत्या आणि त्यांत आर्ट्‌सचाही वाटा होता. २०२४ मध्ये मोठा बदल झाला. बीबीए, बीएमएससारखे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याने त्यांच्यासाठी वेगळी सीईटी सुरू केली. तिच्यात इंग्रजी, तर्क, सामान्यज्ञान आणि संगणकाची तोंडओळख यांवर प्रश्न असतात. म्हणजे आर्ट्‌सची मुलं इथे कुठेही मागे नाहीत. काही कॉलेजांनी मात्र आपल्या अभ्यासक्रमाचं नाव बदलून ‘बीकॉम, मॅनेजमेंट स्टडीज’ असं केलं. त्याला ही सीईटी लागत नाही. म्हणून आपल्याला हव्या त्या कॉलेजात नेमकं कोणतं नाव आहे, ते आधी पाहा. नाहीतर सीईटीचा फॉर्म भरायची तारीख निघून जायची!

बीएमएसला गेल्यावर आर्ट्‌सच्या मुलांची पहिल्या सत्रात एकाच ठिकाणी तारांबळ उडते. ती म्हणजे जमाखर्च! कॉमर्सची मुलं पुस्तपालन दोन वर्षं शिकून आलेली असतात. आपल्याला ‘नावे’ कुठली आणि ‘जमा’ कुठली, हेच कळत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत एखाद्या कॉमर्सच्या मित्राकडून अकरावीचं पुस्तपालनाचं पुस्तक मागून आणा आणि पहिले काही धडे सोडवा. एक महिना पुरतो.

दुसरी वाट : आधी बीए, मग एमबीए. हिच्यात वेळ आहे, विषयात खोल जाता येतं आणि अनुदानित कॉलेजात बीएची फीही कमी असते. बीएमएससारखे अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असल्याने महाग पडतात. ज्या घरात फीचा विचार करावा लागतो, तिथे ही दुसरी वाट मुळीच कमी प्रतीची समजू नका. मुलींसाठी आणखी एक माहिती : जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार इतर मागास वर्ग, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना केंद्रीभूत पद्धतीने प्रवेश घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. घरी हे नक्की सांगा.

कॉमर्सवाल्यांनो, तुम्हीही ऐका!

आता गंमत अशी, की ही गोष्ट एकट्या आर्ट्‌सवाल्यांची राहिलेली नाही. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीची रचना बदलली. मुख्य विषयाबरोबर एक दुय्यम विषय असतो. शिवाय ‘ओपन इलेक्टिव्ह’ असतात, म्हणजे खुले ऐच्छिक विषय. आणि ते आपल्या शाखेबाहेरचेच घ्यावे लागतात!

याचा अर्थ, कॉमर्सच्या मुलाला आर्ट्‌स किंवा सायन्सकडचा विषय घ्यावा लागणार आणि बीएच्या मुलीला कॉमर्सकडे डोकावता येणार. बीए करता करता मार्केटिंगची किंवा गुंतवणुकीची तोंडओळख होऊ शकते. बीकॉम करता करता मानसशास्त्र किंवा तत्त्वज्ञान शिकता येतं. कोणत्या कॉलेजात कोणते पर्याय आहेत, ते सूचना फलकावर लागतं. तिथेही ‘सोप्पा कुठला?’ असं विचारू नका. ‘माझ्याकडे काय नाही?’ असं स्वतःला विचारा. आकडे चांगले आहेत पण चारचौघांत बोलता येत नाही? मग भाषा किंवा संवादकौशल्य घ्या. बोलता छान येतं पण हिशेबाला घाबरता? मग कॉमर्सचा विषय घ्या.

हे काही आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठाचं ‘हास’ नावाचं नामांकित बिझनेस स्कूल आहे. तिथे पदवीला शिकणाऱ्या मुलांना इतिहास, साहित्य व कला, तत्त्वज्ञान आणि मूल्ये, समाजशास्त्रे अशा वेगवेगळ्या सात क्षेत्रांतले अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. धंदा शिकायला गेलेल्या मुलाला तत्त्वज्ञान! कशाला बरं?

माणसांशी गाठ आहे

त्याचं उत्तर एका कारखान्यात सापडतं. शिकागोजवळ हॉथॉर्न नावाच्या ठिकाणी टेलिफोनचं सामान बनवणारा मोठा कारखाना होता. १९२४ पासून तिथे प्रयोग सुरू झाले. प्रश्न साधा होता : दिव्यांचा उजेड वाढवला, तर काम वाढतं का? उजेड वाढवला, काम वाढलं. पण जिथे उजेड वाढवला नव्हता, तिथेही वाढलं! इंजिनिअर चक्रावले. मग कामाच्या वेळा बदलून पाहिल्या, मध्ये विश्रांती देऊन पाहिली, कामगारांशी बोलून पाहिलं. १९३२ पर्यंत हे चाललं. त्यांत एल्टन मेयो नावाचे प्राध्यापक पुढे आले. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे, आणि शिकवायचे काय, तर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान! कामगार म्हणजे यंत्राचा भाग नव्हे. आपल्याकडे कुणी लक्ष देतंय, आपलं कुणी ऐकतंय, याने त्याच्या कामात फरक पडतो, असा विचार या प्रयोगांतून पसरला. पुढे अनेकांनी त्या आकड्यांवर शंका घेतल्या. पण ‘माणसाला काय वाटतं?’ हा प्रश्न मॅनेजमेंटच्या पुस्तकात कायमचा येऊन बसला.

मॅनेजमेंटचे मोठे लेखक पीटर ड्रकर यांचं शिक्षण कायद्याचं होतं आणि ते जपानी चित्रकलाही शिकवत. मॅनेजमेंट ही एक मानव्यविद्याच आहे, असं त्यांनी आवर्जून मांडलं. आणि आपल्याकडचं उदाहरण हवंय? अरुंधती भट्टाचार्य. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थिनी. १९७७ मध्ये स्टेट बँकेत अधिकारी म्हणून लागल्या आणि २०१३ मध्ये त्या बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. बँकेचं मुख्यालय नरिमन पॉइंटला, आपल्याच मुंबईत!

हे करून पाहा

आपल्याला हे क्षेत्र आवडेल का, हे ओळखायला कोणतीही फी लागत नाही. या सुट्टीत तीन गोष्टी करा.

१. घराजवळच्या एका दुकानदाराशी किंवा फेरीवाल्याशी त्याची गर्दी नसताना बोला. माल कुठून आणतो, किती उरतो, उरलेल्याचं काय करतो, उधारी कशी वसूल करतो, ते विचारा आणि एका पानावर लिहून काढा. लिहिताना मजा आली, तर समजा की गाडी रुळावर आहे.

२. घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली. त्याआधी घाटकोपरहून अंधेरीला लोक कसे जात, किती वेळ लागे, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. मेट्रोमुळे कोणाचा धंदा वाढला असेल आणि कोणाचा बसला असेल, याची यादी करा. हा भूगोल आहे, अर्थशास्त्र आहे आणि मॅनेजमेंटही आहे.

३. तुम्हाला आवडणाऱ्या तीन अभ्यासक्रमांची माहितीपुस्तिका मिळवा आणि त्यातला तो ‘पात्रता’ परिच्छेद वहीत उतरवून घ्या. शिक्षण, टक्के, विषय, परीक्षा असे चार रकाने करा. अटी दरवर्षी थोड्याफार बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या वर्षी हे रकाने पुन्हा तपासा.

ही वही घरात सगळ्यांत जास्त उपयोगी पडेल. आई-बाबांना तुमच्या आवडीचा राग नसतो. त्यांना काळजी असते. "मला आवडतं" एवढ्याने ती जात नाही. पण "बाबा, हे बघा, इथे लिहिलंय की कोणत्याही शाखेची पदवी चालते, इथे गणित लागतं, म्हणून मी ते घेतेय, आणि याला एवढी फी आहे," असं तुम्ही चार रकान्यांतून दाखवलंत, तर ते नक्की ऐकतील. बाबा प्रश्न विचारतील, तुम्ही उत्तरं द्याल. आता सांगा, समोरच्याची काळजी ओळखून, माहिती गोळा करून, त्याला आपलं म्हणणं पटवून देणं, याला काय म्हणतात?

अहो, यालाच तर मॅनेजमेंट म्हणतात!